पवनचक्कीची वीज : देशाच्या पुरवठ्यात तिचा वाटा किती?

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडीच्या पठारांवर, तसेच धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या परिसरात, पवनचक्क्यांच्या रांगा दुरूनच नजरेत भरतात. त्यांच्याविषयी दोन प्रकारची मते ऐकावयास मिळतात. काही जण म्हणतात, "डोंगरावर एवढी वीज तयार होते, मग रब्बीत पिकाला पाणी देण्यासाठी रात्री का जागावे लागते?" दुसरे म्हणतात, "चक्क्या पुष्कळ दिवस नुसत्याच उभ्या असतात. देशाला त्यांचा उपयोग तो काय?" या दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे आणि थोडा गैरसमजही आहे. त्याचा उलगडा होण्यासाठी हिशेब नीट समजून घेतला पाहिजे.

शक्ती निराळी, उत्पन्न निराळे

बैलजोडी किती ओझे ओढू शकते ही एक गोष्ट आणि तिने वर्षाकाठी किती दिवस औत ओढले ही दुसरी. विजेचेही तसेच आहे. यंत्राची शक्ती मेगावॅटमध्ये सांगतात. त्यापासून प्रत्यक्ष मिळालेली वीज युनिटमध्ये मोजतात.

मार्च २०२४ अखेर भारतात सर्व प्रकारच्या वीजकेंद्रांची मिळून शक्ती सुमारे ४ लाख ४२ हजार मेगावॅट होती. त्यांपैकी सुमारे ४६ हजार मेगावॅट पवनचक्क्यांची होती. म्हणजे शक्तीत वाऱ्याचा वाटा शेकडा दहा. परंतु २०२३-२४ या वर्षात देशात निर्माण झालेल्या सुमारे १ लाख ७४ हजार कोटी युनिटांपैकी वाऱ्यापासून मिळाली ती सुमारे ८ हजार ३०० कोटी युनिटे. हा वाटा शेकडा पाचाहूनही किंचित कमी भरतो. मार्च २०२५ अखेर पवनचक्क्यांची शक्ती ५० हजार मेगावॅटवर गेली; तरी शक्ती आणि उत्पन्न यांतील हे अंतर कायम राहते.

अंतर का पडते?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. वेग निम्मा झाला की ती एक-अष्टमांश उरते. साधारणपणे वाऱ्याचा वेग ताशी १० ते १२ किलोमीटर झाल्यावर चक्की वीज देऊ लागते. पूर्ण शक्तीने चालण्यास तिला ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा लागतो. असा वारा वर्षातून थोडेच तास लाभतो. त्यामुळे आपल्या देशात चक्कीपासून तिच्या पूर्ण शक्तीच्या मानाने वर्षाकाठी सरासरी एक-पंचमांशाच्या आसपास वीज मिळते.

तरीही हे उत्पन्न थोडके नव्हे. दोन मेगावॅटची एक चक्की या हिशेबाने वर्षाला सुमारे ३५ लाख युनिट वीज देते. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला चार युनिट वीज घेतो व वर्षात हजार तास चालतो असे धरल्यास त्याला ४ हजार युनिटे लागतात. म्हणजे एका चक्कीची वीज वर्षाच्या हिशेबाने साडेआठशेहून अधिक पंपांना पुरेल. मात्र थंडीच्या दिवसांत वारा पडलेला असेल, त्या वेळी तीच चक्की एक पंपही चालवू शकणार नाही.

वारा केव्हा आणि गरज केव्हा?

भारतात पवनचक्क्यांच्या वर्षभराच्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मिळते. शेतीपंपांची मोठी गरज मात्र रब्बीत व उन्हाळ्यात असते. पहिल्या मताचे उत्तर येथे आहे. शिवाय चक्कीची वीज गावात अडून राहत नाही. ती उपकेंद्रातून राज्याच्या वीजजाळ्यात जाते आणि तेथून सर्वत्र वाटली जाते.

दुसऱ्या मताचेही उत्तर याच हिशेबात आहे. देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून होते. पावसाळ्यात खाणींत पाणी शिरते, कोळसा भिजतो आणि ढगांमुळे सौर वीजही घटते. नेमक्या त्याच दिवसांत वारा जोरात असतो. वाऱ्याचे प्रत्येक युनिट तेवढा कोळसा वाचविते.

पाण्याचीही बचत साधता येते. कोयनेचे पाणी पश्चिमेकडे वळवून वीज करण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. वारा असताना हे मोजके पाणी राखून ठेवले, तर वारा पडलेल्या संध्याकाळी ते उपयोगी पडते. डेन्मार्कमध्ये अर्ध्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळते, तिचे एक कारण हेच. त्या देशाचे वीजजाळे नॉर्वे, स्वीडन व जर्मनी यांच्याशी जोडलेले आहे. वारा पडला की नॉर्वेच्या जलाशयांवरील वीज तेथे येते. वारा वाढला की डेन्मार्कची जादा वीज बाहेर जाते.

शेतकऱ्यांनी काय करावे?

वारा पावसाळ्यात भरपूर असल्याने, त्याच काळात वीज वापरणारी कामे वाढविणे हिताचे आहे. नदीनाल्यांचे वाहून जाणारे पाणी परवानगीने उचलून शेततळी भरून घ्यावी. टेंभू, म्हैसाळ यांसारख्या उपसा योजनांतून पुराचे पाणी उचलून दुष्काळी भागातील तलाव भरले, तर पावसाळ्यातील वारा एक प्रकारे उन्हाळ्यासाठी साठविल्यासारखे होईल. रब्बीचे नियोजन मात्र केवळ डोंगरावरील चक्क्यांकडे पाहून करू नये. ज्याची जमीन चक्कीसाठी मागितली जाईल, त्याने भाडे, मुदत, रस्त्याची जागा व मुदतीनंतर पाया काढून टाकण्याची जबाबदारी या बाबी लेखी करारात आहेत की नाहीत, हे सहीपूर्वी तपासून घ्यावे.

गावसभेत सांगावयाचे मुद्दे

१. मेगावॅट ही यंत्राची शक्ती होय; युनिट हे त्याचे उत्पन्न होय. कोणी मेगावॅट सांगितल्यास वर्षाची युनिटे विचारावी.

२. वर्षाची युनिटे कळल्यावर महिनावार युनिटे विचारावी. गरज वर्षभर सारखी नसते.

३. देशाच्या विजेत वाऱ्याचा वाटा २०२३-२४ मध्ये विसाव्या हिश्श्याइतका होता. तो क्षुल्लक नाही, पण एकटा पुरेसाही नाही.

४. वारा, पाणी, सूर्य व कोळसा यांची सांगड घातली तरच वाऱ्याची वीज पूर्णपणे कामी येते.