दृष्टिपटलातील शिरेचा अवरोध : सुईविना चित्रण आणि त्याच्या मर्यादा

पन्नाशी ओलांडलेल्या रुग्णास एका डोळ्याने अचानक, वेदनेविना अंधूक दिसू लागले आणि दृष्टिपटलावर ज्वालेच्या आकाराचे रक्तस्राव आढळले, की शिरेच्या अवरोधाचे निदान बहुधा ऑफ्थॅल्मोस्कोपनेच होते. शाखेतील अवरोध प्रायः धमनी शिरेस ओलांडते तेथे असतो. त्या ठिकाणी दोघींचे बाह्य आवरण एकच असल्याने कठीण झालेली धमनी शिरेस दाबते, प्रवाह मंदावतो व गुठळी होते.

यानंतर दोन प्रश्न उरतात. पीतबिंदूवर सूज किती? आणि केशवाहिन्या किती बंद पडल्या?

१९६१ पासून याचे उत्तर फ्लुरोसिन अँजिओग्राफी देत आली. तीत हाताच्या शिरेत रंगद्रव्य टोचावे लागते. काहींना मळमळते, क्वचित् तीव्र अ‍ॅलर्जीही होते. १९९१ साली ओ. सी. टी. तंत्र प्रसिद्ध झाले. परावर्तित प्रकाशावरून ते दृष्टिपटलाचे थर दाखवते व सूज मायक्रॉनमध्ये मोजते. पुढे आलेल्या ओ. सी. टी. अँजिओग्राफीत एकाच जागेचे छेद लागोपाठ घेतात. त्यांत जे बदलते ते वाहते रक्त, या तत्त्वावर केशवाहिन्यांचा नकाशा तयार होतो. सुई नाही, रंग नाही. त्यामुळे रॅनिबिझुमॅब वा बेव्हासिझुमॅबचे इंजेक्शन पुन्हा द्यावे का, हे ठरवताना मी प्रत्येक भेटीत ओ. सी. टी. करून घेतो.

तथापि चित्र सुबक आहे म्हणून ते पूर्ण आहे असे नव्हे. या अँजिओग्राफीत गळती दिसत नाही. ताज्या रक्तस्रावाची सावली पडली, की खालच्या वाहिन्या बंद असल्याचा भास होतो. अतिमंद प्रवाहही नोंदला जात नाही. शिवाय चित्र बहुधा मध्यभागाचेच असते. कडेचा रक्तपुरवठा तुटलेला असला तरी ते निर्दोष दिसू शकते.

धोका नेमका तेथेच आहे. मुख्य शिरेच्या अवरोधासंबंधी अमेरिकेत झालेल्या व १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, आरंभी रक्तपुरवठा बरा असलेल्या डोळ्यांपैकी ३४ टक्के डोळे तीन वर्षांत रक्तक्षयी गटात गेले. अशा डोळ्यात बुबुळावर नव्या वाहिन्या फुटतात, काचबिंदू होतो आणि दृष्टीच काय, डोळाही हातचा जातो. म्हणून पहिले सहा महिने तरी दरमहा बाहुलीची प्रकाश-प्रतिक्रिया पाहणे, बाहुली मोठी करणारे थेंब घालण्यापूर्वी बुबुळ तपासणे व गोनिओस्कोपी करणे, यांना पर्याय नाही. शंका राहिल्यास विस्तृत क्षेत्राची फ्लुरोसिन अँजिओग्राफी करावीच.

माझ्या फिजिशियन मित्रांना एक विनंती. आम्ही असा रुग्ण आपणांकडे पाठविला, तर त्याचा रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल अगत्याने तपासावे. अवरोध डोळ्यात दिसला, तरी व्याधी पुष्कळदा सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांची असते. आणि ती कोणत्याही ओ. सी. टी. यंत्राच्या पडद्यावर उमटत नाही.