ट्रॅश साठला तर आधी तारखा बघ

स्टोर्ज या विकेंद्रित साठवण नेटवर्कचा नोड चालवायला घेतला आहेस, तर एवढं ऐकून ठेव. ट्रॅशमध्ये अडकलेल्या जागेचे पैसे मिळत नाहीत, म्हणून आकडा फुगला की माणूस घायकुतीला येतो आणि हाताने डिलीट करायला बसतो. तसं करू नकोस.

सॅटेलाइट, म्हणजे नोडांचा कारभार बघणारा सर्व्हर, नोडला ब्लूम फिल्टर पाठवतो; कोणते तुकडे ठेवायचे याची ती आटोपशीर खूण. त्यात जो तुकडा बसत नाही, तो नोड ट्रॅशमध्ये हलवतो आणि सात दिवस सांभाळतो. फिल्टरच सदोष निघाला तर तुकडे जागेवर परत आणता यावेत, यासाठी ही मुदत आहे. मुदतीतला माल तू उडवलास आणि तो हवा असलेला निघाला, तर नोड ऑडिटमध्ये, म्हणजे डेटा जागेवर आहे का या सॅटेलाइटच्या तपासणीत, नापास होऊ शकतो. फार वेळा झालं तर त्या सॅटेलाइटकडून कायमचा बाद.

ट्रॅशच्या आत प्रत्येक सॅटेलाइटचं फोल्डर असतं आणि त्यात तारखांची फोल्डरं. आठवड्याहून बरंच जुनं फोल्डर भरलेलं दिसलं, तरच सफाई अडली म्हणायचं. तसं नसेल, तर बहुधा डेटाबेसमधला हिशोब चुकला आहे. नोड सुरू झाल्यावर जागा मोजतो, ती मोजणी पुरी होऊ दे. डिस्क किती भरली ते डीएफ कमांडने बघ. डीयू उठसूट चालवू नकोस, लाखो बारीक फाइली मोजताना आधीच दमलेली डिस्क आणखी रखडते.

सफाई खरंच अडली असेल तर लॉग वाच. ट्रॅश रिकामा करायला घेतल्याची ओळ आहे आणि संपल्याची नाही, असं पुष्कळदा दिसतं. कारण बहुतेक वेळा साधं असतं: काम पुरं होण्याआधी नोड रीस्टार्ट झाला. एसएमआर (लिहिताना मंदावणाऱ्या) डिस्कवर हे काम फार लांबतं. लेझी फाइलवॉकर, म्हणजे फाइली कमी प्राधान्याने चाळायची सोय, चालू असेल तर सफाईला डिस्कचा उरलासुरला वेळच मिळतो. तो काही दिवस बंद ठेव आणि नोडला हात लावू नकोस. मला विचारशील तर निम्मं दुखणं इथेच बरं होतं. परवानगी नाकारल्याची ओळ असेल तर फोल्डरचा मालक कोण ते तपास. फाइल वाचताच येत नसेल, तर नोड थांबवून फाइल सिस्टिम तपासून घे.

नोड जुना असेल तर 2023 साली बंद पडलेल्या सॅटेलाइटांची फोल्डरंही उरलेली असतात. तिकडे सफाई फिरकत नाही. त्यासाठी फर्गेट-सॅटेलाइट ही कमांड आहे.

एवढं करूनही मुदत उलटलेलं फोल्डर हाताने काढायची वेळ आलीच, तर तेवढं तारखेचंच काढ. शेजारच्या ब्लॉब्ज या फोल्डरमध्येही सॅटेलाइटांच्या फोल्डरांची नावं हुबेहूब हीच असतात, आणि तिथे ग्राहकांचा चालू डेटा आहे. एंटर दाबण्याआधी अख्खा पाथ एकदा मोठ्याने वाच.