त्यांचा आठवडा आधी लाव

छोटे, नेमणुकीचं पत्र वाचलं गं, अभिमान वाटला. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवायचं म्हणजे साधी गोष्ट नाही. 1962पासून तिथे आपल्या भागाचा अभ्यास चालतो, आणि खंडोबा नि धनगरांच्या परंपरेत बुडून गेलेले गुंथर सोन्थायमर तिथलेच. वर्गात काय शिकवायचं ते तुला मी सांगायला नको. पण त्या गावी मी यांच्याबरोबर राहून आलेय, शिकवणाऱ्याची बायको म्हणून. आता बिनपगारी रजा काढून जावईबापू तुझ्याबरोबर निघालेत, म्हणून त्यांच्या बाजूचं सांगते.

तुझा आठवडा विद्यापीठ बांधून देईल. खोलीची किल्ली, ग्रंथालयाचं कार्ड, तासांचं वेळापत्रक, भेटायला येणारी मुलं, सगळं पहिल्या पंधरवड्यात हातात पडेल. त्यांच्या हातात मात्र कुणी काही देणार नाही. सकाळी तू बाहेर पडलीस की संध्याकाळपर्यंतचा वेळ त्यांचा एकट्याचा, आणि मंगळवार कुठला नि गुरुवार कुठला हे त्यांना कळेनासं होईल. परदेशात जोडप्याचं बिनसतं ते बहुतेक इथून. एक दमून येतो, दुसरा वाट बघून दमलेला असतो.

परक्या मुलखात राहणं कसं असतं, हे आपल्या चौलने फार पूर्वीपासून पाहिलंय. दहाव्या शतकात अरब प्रवासी मसूदी आला, तेव्हा इथे सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडचे लोक लग्नं करून, संसार थाटून राहिलेले होते. पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितिन याच बंदरात उतरला, तो एकटा. वाटेत त्याची पुस्तकं लुटली गेली होती, त्यामुळे त्याच्या धर्माचे सण नि उपास कधी येतात याचा हिशेब चुकला. त्या दुःखाबद्दल त्याने आपल्या प्रवासवर्णनात पुन्हा पुन्हा लिहिलंय. आणि रेवदंड्याचे बेने इस्रायली बघ. तेलाचा धंदा केला, मराठी बोलले, पण शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. आठवड्यातला एक दिवस धरून ठेवला, आणि शेकडो वर्षं ते स्वतःला विसरले नाहीत.

म्हणून सांगते, जाण्याआधीच त्यांच्या आठवड्याला तीन खुंट्या ठोक. पहिली भाषेची. गावोगावी फोल्कसहोखशूले नावाची प्रौढांची शाळा असते. जर्मन भाषेपासून पोहणं, स्वयंपाक, चित्रकला असं सगळं तिथे माफक फीमध्ये शिकवतात. हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात, तेव्हा नाव आधीच नोंदवा. दुसरी खुंटी माणसांची. तिथे गाणं, बागकाम, बुद्धिबळ, डोंगर चढणं, कशाकशाची मंडळं असतात. त्यांना जे इथे आवडतं तेच तिथे शोधा. मराठी माणसं भेटतीलच, म्युनिकला तर महाराष्ट्र मंडळही आहे, पण रोजचा शेजार स्थानिक असू दे. तिसरी खुंटी तुम्हा दोघांची. आठवड्यातली एक संध्याकाळ तुझ्या विद्यापीठाला द्यायची नाही म्हणजे नाही. निबंध तपासायचे राहिले तरी चालतील.

आता कागदांचं. देवळात लागलेलं असो की हॉलमध्ये, लग्नाच्या नोंदणी प्रमाणपत्राची मूळ प्रत घेऊन जा, आणि त्यावरची नावं पासपोर्टवरच्या नावांशी अक्षरन्‌अक्षर जुळताहेत ना ते आजच बघ. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. बँकेपासून करापर्यंत पुढचं बरंच काही त्या नोंदीवर अवलंबून असतं. दोघांनी मिळून जा. पगारी नेमणूक नि सरकारी आरोग्य विमा असेल, तर न कमावणारा जोडीदार जादा हप्ता न भरता त्यात येतो. शिष्यवृत्तीवर असशील तर दोघांच्या विम्याचं आधी विचार. त्यांच्या राहण्याच्या परवान्यावर काम करायची मुभा लिहिलीय का, तेही नीट वाचा. आणि टपालपेटीवर नि दारावर दोघांचीही आडनावं लाव. तिथे पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत जातं. स्वतःच्या नावाने आलेलं पहिलं पत्र माणसाला किती धीर देतं, ते मी अनुभवलंय.

घरभाड्याचे दोन आकडे सांगतात, थंड नि गरम. गरम म्हणजे हीटिंग वगैरे धरून, तोच आकडा हिशेबात घे. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. काही घरं स्वयंपाकाच्या ओट्याशिवाय मिळतात, म्हणून सुरुवातीला विद्यापीठाचं सामानासकट असलेलं अतिथिगृह बरं. फोडणी दिलीस की खिडक्या सताड उघड. थंडीतही दिवसातून दोनदा वारा खेळवला नाही तर भिंतींना बुरशी धरते. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी दुपारीच सामान भरून ठेवा.

बॅगेत सुकट, बोंबील चालतात, मासळीला वीस किलोपर्यंत मुभा आहे. नारळही चालतो. तूप, पेढे मात्र विमानतळावर काढून घेतील, कारण बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. पांढऱ्या कांद्याची माळ नि कढीपत्ता इथेच राहू दे. कोकम, मसाला, वाल पुरेसे ने.

वर्गात मुलांनी बाकं वाजवली तर घाबरू नकोस, ती शाबासकी असते. वेळेपुढे सी.टी. असं लिहिलेलं असेल, तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो. गुणांमध्ये एक सगळ्यात चांगला. हे तू दोन दिवसांत शिकशील.

जपायचं ते डिसेंबरला. आपल्या दत्ताच्या डोंगरावर यात्रा भरते, त्या सुमारास तिथे साडेचारला अंधार पडतो. त्या दिवसांत ते गप्प झाले तर ‘काय झालं’ म्हणून खोदत बसू नकोस. दुपारी उजेड असताना एक तास दोघं नेकार नदीच्या काठाने चाला. आणि घरी फोनवर बोलताना ‘हे काय, घरीच असतात’ असं त्यांच्यादेखत कुणाला म्हणू नकोस, आईलासुद्धा नाही. रजा त्यांनी तुझ्यासाठी घेतलीय. काम तुझं असलं तरी परदेशात राहणं दोघांचं आहे.

पैशांचंही तसंच. त्यांना खर्चाला मागावं लागू नये, खातं दोघांच्या नावाने उघड. पुरुषाला मागणं जास्त जड जातं, आणि तो ते बोलून दाखवत नाही.

‘थोड्या महिन्यांचा तर प्रश्न, कशाला नीट बसवायचं’ असं मात्र म्हणू नका. ते महिने तुमच्या आयुष्यातलेच आहेत. पहिल्या आठवड्यात कपडे बॅगेतून काढून कपाटात लावा, शेजाऱ्यांचं दार वाजवून दोघांची ओळख करून द्या, आणि भाषेच्या वर्गाची फी भरून टाका. आणि तिसऱ्या आठवड्यात मला फोन करशील, तेव्हा आधी फोन त्यांच्याकडे दे. मला त्यांचा आठवडा कसा गेला ते ऐकायचंय.