कुषाणांची नाणी आणि त्यांवरील देवता

संकल्प सांगताना आपण 'शालिवाहन शके' म्हणून वर्षाचा उच्चार करितो. ह्या कालगणनेचा आरंभ इ. स. ७८ मध्ये झाला. मध्य आशियातून आलेल्या कुषाण घराण्यातील सम्राट कनिष्क हाच तिचा प्रवर्तक, असे मत विद्वानांत दीर्घकाळ प्रचलित होते. आता बहुतेक अभ्यासक कनिष्काचे राज्यारोहण इ. स. १२७ च्या सुमारास धरतात व शकाचा संबंध पश्चिम भारतातील शक क्षत्रपांशी जोडतात. पंचांगाशी असलेले कनिष्काचे नाते असे सुटले, तरी त्याचे घराणे आपल्या चिंतनास योग्यच आहे. कारण परमुलखातून आलेल्या ह्या राजांनी त्रिशूळधारी देव व त्याच्यामागे उभा असलेला बैल आपल्या सुवर्णनाण्यांवर कोरविला. ह्याचा अर्थ काय घ्यावा? 'ते आपलेच झाले' एवढे म्हणून समाधान मानावे काय? ह्या लेखात आपण ह्याच प्रश्नाचा विचार करू.

प्रथम घराण्याची हकीकत पाहू. चिनी ग्रंथांत 'युएची' नावाच्या लोकांचा उल्लेख आहे. चीनच्या वायव्येस, आजच्या गान्सू प्रांताच्या आसपास, त्यांची वस्ती होती. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात शिऊंग्नू नावाच्या बलाढ्य टोळ्यांनी त्यांस तेथून हुसकाविले. पश्चिमेकडे सरकत सरकत ते आमुदर्या नदीच्या खोऱ्यात, म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथांतील बाल्हीक देशात, स्थिरावले. तेथे त्यांचे पाच सरदार पाच विभागांवर राज्य करीत. इ. स. पहिल्या शतकात त्यांपैकी कुषाण शाखेच्या कुजुल कडफिससने उरलेल्या चौघांस जिंकून एक राज्य केले. पुढे विम तक्तु, विम कडफिसस, कनिष्क, हुविष्क व वासुदेव असे राजे झाले आणि राज्याची सीमा गंगेच्या खोऱ्यापर्यंत पोहोचली.

बाल्हीक देशात अलेक्झांडरनंतर ग्रीक राजांनी राज्य केले होते. त्यामुळे तेथे ग्रीक लिपी रुळलेली होती, लोक इराणी कुळातील भाषा बोलत, आणि हिंदुकुश ओलांडून दक्षिणेस आले म्हणजे प्राकृत बोली व खरोष्ठी लिपी चाले. इतक्या निरनिराळ्या लोकांच्या हाती एकच नाणे द्यावयाचे, तर त्यावर काय लिहावे व कोणाचे चित्र घालावे, हा प्रश्न राजापुढे होताच.

विम कडफिससने तो प्रथम सोडविला. सोन्याची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडणारा भारतातील हा पहिला राजा. त्याच्या दीनाराचे वजन सुमारे ८ ग्रॅम, म्हणजे तत्कालीन रोमन सुवर्णनाण्याच्या जवळपास आहे. एका बाजूस ग्रीक लिपीत राजाचे नाव व दुसऱ्या बाजूस खरोष्ठीत 'महाराज', 'राजाधिराज', 'सर्वलोकेश्वर' अशा अर्थाच्या पदव्या आहेत. त्याच्या तांब्याच्या नाण्यांवर लांब झगा घातलेला राजा लहानशा वेदीवर आहुती देत उभा दिसतो. मागील बाजूस त्रिशूळ घेतलेला देव आणि बैल आहे.

ह्या देवास शिव म्हणण्यास आपल्या मनाला अडचण पडत नाही. परंतु पुढील राजांच्या नाण्यांवर त्याच रूपाखाली 'ओएशो' असे नाव येते, आणि काही पंडित त्याचे मूळ इराणी वायुदेवतेच्या नावात शोधतात. मग हा देव शिव की वायू? आमच्या अल्पमतीस असे वाटते, की प्रश्न अशा रीतीने विचारणेच बरोबर नव्हे. गंगाकाठच्या व्यापाऱ्याने ते नाणे हाती घेतले तर त्यास शिव दिसावा, आणि आमुदर्येच्या तीरावरील माणसाने घेतले तर त्यास आपला देव ओळखू यावा, अशीच ती योजना होती.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. इ. स. १९९३ मध्ये अफगाणिस्तानातील रबातक येथे कनिष्काचा एक शिलालेख सापडला. त्याची भाषा बाल्हीक देशाची, लिपी ग्रीक. त्यात साकेत, कौशांबी, पाटलिपुत्र व श्रीचंपा ह्या नगरांची नावे आहेत. कनिष्काचा पणजा, आजा व बाप ह्यांचीही नावे क्रमाने दिली आहेत. राजाने एक देवालय बांधण्याची व त्यात देवांच्या मूर्ती स्थापण्याची आज्ञा केली, असे तो लेख सांगतो. देवांच्या यादीत श्रोश ह्या इराणी देवाचे नाव येते, आणि त्या ठिकाणी ओळींच्या मध्ये बारीक अक्षरांत पुस्ती जोडलेली आहे, की ह्यासच भारतीय भाषेत महासेन व विशाख म्हणतात. ही दोन्ही नावे आपल्या कार्तिकेयाची. अठराशे वर्षांपूर्वी त्या दूरच्या डोंगरांत कोणा लेखकास वाटले, की भारतीय नाव राहून गेले तर यादी अपुरी राहील.

भाषेच्या बाबतीतही हीच वृत्ती दिसते. कनिष्काच्या आरंभीच्या नाण्यांवर भाषा ग्रीक व देवांची नावेही ग्रीक आहेत. लवकरच त्याने ती बदलून बाल्हीक देशाची भाषा आणिली. लिपी मात्र ग्रीकच ठेविली. ग्रीक लिपीत 'श' ह्या उच्चारासाठी अक्षर नव्हते, म्हणून एक नवे अक्षर घातले. त्या अक्षराने 'शाओनानोशाओ', म्हणजे राजांचा राजा, ही पदवी लिहिली गेली. कनिष्काच्या नाण्यांवर सूर्य, चंद्र, वायू, अग्नी व नना देवी आहेत, क्वचित बुद्धही आहे. हुविष्काच्या नाण्यांवर स्कंदकुमार, विशाख, महासेन व उमा ह्यांची भर पडली. पुढच्या राजाचे नाव तर वासुदेव, पण त्याच्या नाण्यांवर मुख्यत्वे त्रिशूळ व बैलवालाच देव आहे. एका पंथाचे नाव घेणाऱ्याने दुसऱ्याची मूर्ती पुसली नाही.

ह्याचा अर्थ कुषाण राजे सर्वथा शांतिप्रिय होते असा कोणी घेऊ नये. राज्ये तलवारीनेच जिंकली जात होती. तसेच त्यांनी आपले मूळ रूपही टाकिले नाही. मथुरेजवळील माट येथे सापडलेला कनिष्काचा मस्तकहीन पुतळा मथुरेच्या संग्रहालयात आहे. गंगायमुनेच्या उष्ण प्रदेशातही सम्राटाच्या अंगात जाड झगा व पायांत घोडेस्वाराचे जड जोडे आहेत. झग्यावरील अक्षरे मात्र ब्राह्मी, आणि पदव्या 'महाराज, राजातिराज, देवपुत्र' अशा आहेत. पोशाख पूर्वजांचा, अक्षरे भोवतालच्या लोकांची. पिढ्यानुपिढ्या मूळ प्रांतापासून दूर नांदणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांस ह्या पुतळ्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको.

वारसा एकाच बाजूने वाहत नाही. कुषाणांच्या नाण्यांवर अर्दोक्षो नावाची समृद्धीची देवी येते. तिच्या हाती फळाफुलांनी भरलेले शिंग असते. चौथ्या शतकात गुप्त सम्राटांनी आपली सुवर्णनाणी पाडिली तेव्हा आरंभी हीच आकृती घेतली, आणि हळूहळू शिंग जाऊन कमळ आले व ती पूर्णपणे लक्ष्मी झाली. समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद येथील स्तंभलेखात 'दैवपुत्रषाहिषाहानुषाहि' असा शब्द आहे. त्यात कुषाणांच्या दोन्ही पदव्या आपल्या संस्कृतात येऊन बसलेल्या आहेत.

अशा वस्तूंचे रक्षण कोणाचे कर्तव्य? अफगाणिस्तानातील सुर्ख कोतल येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी इ. स. १९५२ पासून उत्खनन केले, तेव्हा तेथेही मोठे देवालय व झगा घातलेल्या राजाचा पुतळा मिळाला. काबूलच्या संग्रहालयातील तो पुतळा इ. स. २००१ मध्ये तालिबानच्या माणसांनी फोडिला. नंतर तुकडे जुळवून तो पुन्हा उभा केला गेला. फोडणाऱ्यांनी त्याच भूमीत राहिलेल्या राजाचा पुतळा परका मानिला.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो. कुषाण आपले झाले की नाही, हा वाद व्यर्थ आहे. त्यांनी दुसऱ्याच्या देवास त्याच्या नावाने ओळखिले, आणि आपल्या देवाचे नाव सोडिले नाही. महासेनाचे नाव ज्या हाताने त्या शिलेवर दोन ओळींच्या मध्ये कोरिले, त्या हाताची ही शिकवण आहे. पुढे कधी मथुरेस यात्रेला जाणे झाल्यास देवदर्शनानंतर घटकाभर संग्रहालयातही जावे, आणि मुलांस तो मस्तकहीन राजा अवश्य दाखवावा.