आग्रा रोडवरच्या एका गॅरेजची प्रतिकृती

दिवाळीत किल्ला केला नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात क्वचितच सापडेल. दगडमातीचा ढीग, त्यावर चिखलाचा लेप, हळीव पेरून उगवलेली हिरवळ आणि वर सिंहासनावर महाराज. महाराज महाद्वारापेक्षा उंच असतात, पायथ्याचा मावळा बुरुजाएवढा असतो. पण त्याचे कोणाला काही वाटत नाही. कारण किल्ला ही भक्तीची प्रतिकृती असते, मापाची नव्हे. या वर्षी मी जी प्रतिकृती केली ती मापाची. तिचा विषय मात्र किल्ल्यासारखा मानाचा नाही. कसाऱ्याला मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला एक जुने पत्र्याचे गॅरेज होते, ते मी पुठ्ठ्यात आणि पत्र्यात उतरवले. माझे वडील तेथे एकोणतीस वर्षे मिस्त्री होते. शाळेत असताना मी रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन तेथे जात असे.

कसाऱ्याला गॅरेज का, हे घाटाखाली राहणाऱ्यांना सांगायला नको. थळघाटातला कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. त्याचा चढ सदतीस फुटांना एक फूट इतका कठीण आहे, म्हणून आजही वर जाणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावतात. ट्रकला मागून ढकलणारे कोणी नसते. चढताना रेडिएटर उकळतो, उतरताना ब्रेकचे लायनर जळतात, आणि दोन्ही दुखण्यांचा दवाखाना घाटाच्या पायथ्याशीच हवा. पुढे गाड्या बदलल्या, कंपन्यांचे स्वतःचे वर्कशॉप निघाले. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि घाट चढण्याऐवजी बोगद्यातून जाण्याची सोय झाली. आमच्या मालकांनी जागा विकण्याचे त्याआधीच ठरवले होते. दिवाळीनंतर पत्रे उतरणार, असे बाबांनी मे महिन्यात जेवताना सांगितले आणि पुन्हा त्या विषयावर ते बोलले नाहीत.

त्याच सुमारास आमच्या इतिहासाच्या सरांनी स्थानिक इतिहासावर प्रकल्प करायला सांगितले होते. कागदपत्रे शोधा, असा त्यांचा आग्रह. गॅरेजचे कागद म्हणजे तेल लागलेली दोन बिलबुके. बाकीचा सगळा इतिहास पत्र्यावर आणि खांबांवर होता. म्हणून मी प्रतिकृती करायचे ठरवले.

प्रमाण घेतले एका फुटाला अर्धा इंच, म्हणजे १:२४. गॅरेज ३० फूट लांब, १८ फूट रुंद, वळचणीला १० फूट आणि आढ्याला १४ फूट उंच. प्रतिकृती झाली १५ इंच, ९ इंच, ५ इंच आणि ७ इंच. आढ्यापर्यंत टेप पोहोचेना, तेव्हा खांबाला एक फुटाच्या खुणा केलेली काठी टेकवून मोबाइलवर फोटो घेतला आणि काठीवरून उंची मोजली. भिंतींच्या आतला सांगाडा जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचा केला. आमच्या घरी तेवढा पुठ्ठा दरवर्षी जमतोच.

खरी अडचण पन्हाळी पत्र्याची. खऱ्या पत्र्याच्या दोन पन्हाळींमधले अंतर सुमारे तीन इंच असते, म्हणजे प्रतिकृतीत एक अष्टमांश इंच, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा वापरून पाहिला तर त्याच्या लाटा दुप्पट मोठ्या. पत्रा नव्हे, सिमेंटचे जाड छप्पर दिसू लागले. शेवटी विणकामाच्या दहा नंबरच्या सुया उपयोगी पडल्या. त्यांची जाडी जवळजवळ तेवढीच असते. दहा सुया फळीवर एकीला एक लागून चिकटवल्या, जेवणाच्या पार्सलच्या अॅल्युमिनियम डब्याचा सपाट तुकडा वर ठेवला आणि बोथट काडीने प्रत्येक सांधीत दाबत गेले. दहा पन्हाळींचा, सव्वा इंच रुंदीचा पत्रा तयार झाला. असे छप्पन्न पत्रे केले. (सुया ज्या बाईंकडून आणल्या त्यांचा स्वेटर या वर्षी राहिला.) अॅल्युमिनियमवर रंग धरत नाही, म्हणून प्रत्येक पत्रा बारीक पॉलिश पेपरने घासून घेतला.

यानंतरचे काम म्हणजे जुनेपण आणणे. येथे मला एक गोष्ट शिकावी लागली: लहान मापात खरी वस्तू खरी दिसत नाही. गॅरेजच्या सागवानी खांबाची ढलपी काढून तिचाच खांब केला, तर तिचे रेषे इतके ठळक की झाडाची साल लावल्यासारखे दिसले. अंगणातली माती पसरली तर तिचे कण दगडगोट्यांसारखे दिसू लागले. ती औषधाच्या चूर्णासारखी वस्त्रगाळ करून घ्यावी लागली. रंगाचेही तसेच. खऱ्या गॅरेजचा काळा रंग तेवढाच काळा लावला तर प्रतिकृती डांबरात बुडवल्यासारखी दिसते. लांबून पाहिल्यावर डोंगर जसे फिके दिसतात तसे सगळे रंग थोडे फिके घ्यावे लागतात.

गंज मात्र खराच वापरला. गॅरेजच्या मागे पडलेल्या पत्र्यावरून तो खरवडला, कुटून फडक्यातून गाळला आणि पातळ केलेल्या फेविकॉलमधून लावला. त्यात कोठे गेरू, कोठे पिवळी माती मिसळली. खांबांना हिरड्याचे पाणी देऊन वर लोखंडाचा कीस भिजवलेले व्हिनेगर लावले की लाकूड क्षणात करडे-काळे होते. हिरडा आणि हिराकस यांची शाई पूर्वी करीत, तोच हा गुण. निळ्या पाटीचे पोपडे उडालेले दाखवण्यासाठी मीठ वापरतात. आधी गंजाचा रंग द्यायचा, तो वाळला की ओलसर करून मिठाचे दाणे भुरभुरायचे, वरून निळा रंग फवारायचा आणि वाळल्यावर दाणे खरडून टाकायचे. दाणे पडतील तेथे खालचा गंज दिसतो. मीठ बारीक हवे. तीन मिलिमीटरचा एक खडा म्हणजे खऱ्या पाटीवरचा तीन इंचांचा पोपडा.

ऑगस्टपर्यंत हे सारे झाले. पत्रे तांबडेलाल, खांबांचे पाय कुजून वाळवीने पोखरलेले, पश्चिमेच्या भिंतीला भोके. मला ते फारच हुबेहूब वाटत होते. एका रात्री मी ते दिव्याखाली बाबांसमोर ठेवले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बाय, हे आमचं गॅरेज नाय. हे कुनी टाकून दिलेलं छप्पर हाय."

मला राग आला, हे कबूल करते. तीन महिन्यांची मेहनत होती. दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा मला घेऊन गॅरेजात गेले आणि मी इतकी वर्षे दारातून पाहिलेली जागा त्यांनी मला आतून दाखवली.

खांबांचे पाय कुजलेले नव्हते. ते काळे होते, कारण दर वैशाखात त्यांना इंजिनातले जळके ऑइल पाजत. एकोणतीस वर्षांत तेथे वाळवी लागली नाही. पत्रा सगळीकडे सारखा गंजत नाही. त्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि लोखंडाच्या आधी जस्त स्वतः झिजते. म्हणून गंज प्रथम धरतो तो जस्त संपते तेथे: खिळ्याच्या भोकाभोवती, कापलेल्या कडेला आणि जेथे एका पत्र्यावर दुसरा चढतो त्या सांध्यात, कारण तेथे पाणी अडकून राहते. तेथून तो पावसाच्या पाण्याबरोबर खाली ओघळतो. पश्चिमेकडून पाऊस झोडपतो म्हणून त्या भिंतीवर ओघळ जास्त, पण तिला भोके नव्हती; भोक पडले की त्या पावसाळ्याआधीच डांबर आणि गोणपाटाचे ठिगळ बसे. बाबांनी सतरा ठिगळे मोजून दाखवली. त्यांतली चार त्यांनी स्वतः लावली होती, आणि एक लावताना ते छपरावरून पडले होते. ही गोष्ट आमच्या घरात तोवर कोणाला माहीत नव्हती.

दाराच्या डाव्या खांबावर छातीच्या उंचीला एक गुळगुळीत, चकाकणारा पट्टा होता. घाटातून कोणता ट्रक धुरकटत उतरतो आहे हे पाहायला माणसे त्याच खांबाला टेकून उभी राहत. उजवा खांब कोरडा, खरखरीत. खड्ड्याच्या बरोबर वर पत्र्याच्या आतल्या बाजूला धुराचा काळा गोल होता, आणि बाकीचे छप्पर आतून इतके स्वच्छ की जस्ताची फुले दिसत होती.

मी छप्पर उचकटून पुन्हा केले. पूर्वी लावलेला तीनचतुर्थांश गंज धुऊन काढला. खांबांचे पाय भरून घेतले, त्यांना काळ्या रंगात थोडे वार्निश मिसळून लावले. ठिगळे डांबरी कागदाची, सतरा, जेथल्या तेथे. खांबावरचा चकाकता पट्टा करायला रंग लागलाच नाही. जमिनीपासून दोन इंचांच्या वर तो खांब नुसत्या अंगठ्याने रोज चोळत राहिले. सर एकदा म्हणाले की आता हे पहिल्यापेक्षा कमी जुने दिसते. ते खरे आहे. पहिल्यात मी वय दाखवले होते; दुरुस्ती दाखवायची राहून गेली होती.

भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय अनेकांनी पाहिले असेल. १८७२ साली ते आजच्या इमारतीत लोकांसाठी उघडले आणि १९७५ पासून त्याला हे नाव आहे. तेथे काचेच्या कपाटांत निरनिराळ्या लोकांच्या आणि व्यवसायांच्या मातीच्या छोट्या आकृती आहेत. सप्टेंबरात मी तेथे गेले तेव्हा माझे लक्ष कारागीर कोठे टेकतो, हात कोठे पुसतो, याकडेच जात होते. आमच्या गॅरेजात हात पुसायची जागा मागच्या भिंतीवर होती. ती मी अडीच इंच उंचीवर दाखवली आहे.

नोव्हेंबरात पत्रे उतरले. बाबा आता रस्त्याच्या पलीकडे पंक्चरच्या टपरीत बसतात. प्रतिकृती इतिहास विभागाच्या कपाटावर आहे. छप्पर उचलून आत पाहता येते, मात्र ते दोन्ही हातांनी उचलावे. धुराचा गोल बाबांनी केला. चिमणीच्या काचेवर धरलेली काजळी बोटावर घेतली, छप्पर उलटे धरले आणि एका दमात टेकवली. मग आत डोकावून त्यांनी विचारले, "चैनकप्पी कुठं हाय?"

ती अजून झालेली नाही. तिच्यासाठी फार बारीक कड्यांची साखळी लागते. कोणाकडे तुटलेली असल्यास द्यावी.