मिनिकॉयला निघालेल्या भाचीला

ताई म्हणाली, तुझी नेमणूक लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयच्या वेधशाळेत झाली. पोहता येत नसताना समुद्राच्या मधोमध नोकरी धरलीस, शाबास! यंत्रं तुला कळतात, ती मी शिकवत नाही. मला बोलायचंय ते शेवटच्या पल्ल्याबद्दल: तिरुवनंतपुरमहून तुझ्या टेबलावर आलेला अंदाज ट्यूना धरायला गेलेल्या माणसाच्या कानात पडेपर्यंतचा. आमच्यात म्हणायचे, निघाली ती बातमी, पोचली ती सूचना.

१. बुलेटिन हातात आलं की आधी वेळ बघ, यूटीसी आहे की आपली — दोन्हींत साडेपाच तासांचा फरक आहे, आणि तेवढ्या वेळात होडी लगून ओलांडून पार नजरेआड होते.

२. वारा नॉटमध्ये आला तर किलोमीटरमध्येही सांग — 34 नॉट म्हणजे ताशी 63 किलोमीटर, आणि तिथूनच चक्रीवादळ म्हणायला सुरुवात होते.

३. उपग्रहाचं चित्र बघून स्वतःचा अंदाज जाहीर करू नकोस, शंका असेल तर तिरुवनंतपुरमच्या केंद्राला विचार — एका बेटावर दोन आवाज झाले की लोक आपल्याला सोयीचा तेवढा ऐकतात.

४. बॅटरीचा व्होल्टेज रोज सकाळी वहीत लिही, आणि सोलर पॅनलवरचा खार गोड्या पाण्याने पूस — वादळात सगळ्यात आधी वीज जाते. उपाशी बॅटरी, आंधळं बेट.

५. अँटेनाचे सांधे उघडे ठेवू नकोस, चिकटपट्टीने घट्ट गुंडाळ — खारी हवा तांबं खाते, आणि सेट चालू दिसत असताना आवाज मात्र बाहेर जात नाही.

६. व्हीएचएफचा पल्ला किती ते नकाशावरून ठरवू नकोस. चांगल्या दिवशी एखाद्या होडीवाल्याला सांगून ठेव आणि आवाज कुठे तुटतो ते त्याच्याकडूनच विचारून घे — या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, पृथ्वीची गोलाई आडवी आली की संपल्या. पलीकडे एचएफ लागतो, कारण तो वरच्या आयनमंडलावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतो. त्याची वारंवारता दिवसा चढी, रात्री उतरती ठेवावी लागते, म्हणून दोन्ही आकडे सेटवरच चिकटवून ठेव.

इथे जरा थांबते. 2017 चं ओखी तुला आठवत असेल. 30 नोव्हेंबरला कन्याकुमारीजवळ त्याचं चक्रीवादळ झालं आणि मग ते लक्षद्वीपवरून गेलं. खोल समुद्रातल्या कितीतरी होड्या त्याच्या आधीच बाहेर पडल्या होत्या, मोबाइल आणि व्हीएचएफ दोन्हींच्या टप्प्यापलीकडे. केरळ-तामिळनाडूच्या 68 होड्या वाऱ्यापावसातून थेट आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या, म्हणून त्यांच्यातली माणसं वाचली. कितीतरी जण परत आलेच नाहीत. सूचना निघणं आणि पोचणं यांतलं अंतर मी तेव्हापासून फार गंभीरपणे घेते, तूही घे.

७. खोल समुद्रात जाणाऱ्याकडे जेमिनी असेल तर ते चालू आहे ना, एवढं निघण्याआधी विचार — 2019 पासूनचं हे यंत्र गगनच्या उपग्रहांवरून सूचना घेऊन मोबाइलवर दाखवतं, पण त्यावरून उत्तर देता येत नाही. मदत मागायला इस्रोचं डीएटी वेगळं असतं; त्याच्या नव्या, 2024 च्या पिढीत तटरक्षक दलाकडे हाक पोचल्याची पावती होडीवर परत येते, आणि बुडत्याला त्या पावतीने किती धीर येत असेल!

८. जानेवारी 2024 मध्ये कोचीहून समुद्राखालची केबल आली म्हणून जुना रेडिओ कपाटात घालू नकोस — केबल तुटू शकते, आणि उपग्रहाशी जोडणारी केयू बँडची डिश नेमकी मुसळधार पावसात मान टाकते. एका दोरीवर होडी बांधू नये.

९. सूचना सावकाश, दोनदा आणि रोज त्याच क्रमाने वाच: कुठे, कधीपासून, वारा किती, लाट किती, काय करायचं — खरखरीत अर्धं हरवलं तरी ऐकणारा क्रमावरून उरलेलं जुळवतो.

१०. "कळलं का?" असं विचारू नकोस, "किती वाजेपर्यंत परतायचं?" असं विचार — पहिल्याला सगळेच हो म्हणतात.

११. मिनिकॉयची बोली महल आहे, मल्याळमवर भागवू नकोस. गावातल्या जाणत्या बाईकडून नेहमीची पाच-सहा वाक्यं लिहून घे. प्रत्येक गावाच्या बोडुकाकाला, म्हणजे प्रमुखाला, भेट, आणि बायकांच्या प्रमुखांना तर आवर्जून — तिथले पुष्कळ पुरुष जहाजांवर नोकरीला असतात, घरं बायकाच चालवतात.

१२. आभाळ निळं असलं तरी उंच लाटांची सूचना दाबू नकोस — दक्षिणेकडे हजारो किलोमीटरवर उठलेल्या वादळाची लाट कल्लक्कडल होऊन कोरड्या दिवशी घरात शिरते. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा इशारा म्हणूनच रोज बघ.

१३. वारा पडलेला असतानाही ठरल्या वेळी बोल, "आज काही नाही" एवढं तरी — रोज बोलणाऱ्याचं गप्प होणं लोकांच्या चटकन लक्षात येतं. बंदरावरच्या बावट्यांत अकरा नंबरचा अर्थच मुळी हा आहे, की इशारा केंद्राशी संपर्क तुटलाय आणि हवा बिघडण्याचा धोका धरून चला. मुख्य भूमीचा आवाज बंद झाला तर तूही तसंच धर, होड्या ओढून घ्यायला सांग.

अरबी समुद्रात वादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन हंगामांत होतात. पोचल्यावर सामान लावायच्या आधी जेटीवर जा, कोणाची होडी किती वाजता निघते आणि तिच्यावर कुठला सेट आहे ते वहीत उतरवून घे, आणि मे उजाडायच्या आत त्या प्रत्येक होडीशी एकदा तरी रेडिओवर बोल.