टाय रॉडची पिन पाहिल्याशिवाय गाडी हलवू नका

नरखेड तालुक्यात चारचाकी नुसत्या डांबरी रस्त्यावर चालवून भागत नाही. संत्र्याच्या बागेत जायचं तर पांदण आलीच. पावसाळ्यात काळी माती चाकांच्या आतल्या बाजूला थापली जाते, पुढे ती वाळून कडक होते आणि आंबिया बहाराच्या तोडणीत त्याच गाडीच्या बागेकडे खेपा सुरू होतात. पुढची चाकं खिळखिळी व्हायला एवढं पुरतं.

माझ्या जुन्या अल्टोचं तेच झालं. खड्ड्यात डावीकडून टक्टक् आवाज, स्टेअरिंगला ढिलाई आणि डाव्या टायरची एक कड जास्त झिजलेली. मिस्त्रीने जॅक लावला, घड्याळात तीन आणि नऊ असतात त्या जागी चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि निदान सांगितलं: टाय रॉड एंड गेला. स्टेअरिंगची ओढ चाकापर्यंत पोचवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा हा गोळ्याचा सांधा. त्याचं रबर फाटलं होतं, आत ग्रीसच्या जागी चिखल होता. नवा सांधा बसवला, पैसे दिले, गाडी घरी आणली.

पुढे मोवाडहून परतताना एका वळणावर स्टेअरिंग हाताला पोकळ लागलं. गाडी कडेला घेऊन चाकामागे वाकून पाहिलं. नव्या सांध्याचा नट खाली उतरत आलेला, दोन-तीन आट्यांवर कसाबसा टिकलेला. त्यातून आरपार जाणारी स्प्लिट पिन घातलेलीच नव्हती. गॅरेजवाल्याला फोन केला, तर उत्तर आलं, “नट गच्च कसला होता ना भाऊ, पिनीचं कायले एवढं?”

एवढं यासाठी की तो सांधा सुटला की ते चाक मोकळं होतं. स्टेअरिंग कितीही फिरवा, ते ऐकत नाही. वाटेल तिकडे वळतं. संत्र्याचे क्रेट भरलेल्या पिकअपचं असं झालं तर समोरून येणाऱ्यालाही वाचायची संधी नसते.

म्हणून काम चालू असताना गॅरेजात उभे राहा. जुना सांधा काढण्याआधी, त्याला दांड्यावर अडवून धरणाऱ्या चेक नटाच्या जागी रंगाची खूण करायला लावा आणि काढताना सांधा किती आट्यांनी बाहेर आला ते मोजा. नवा तितक्याच आट्या आत जायला हवा. सांध्याचा खालचा दांडा निमुळता असतो, तो भोकात घट्ट रुतून बसतो. तो सोडवायला दांड्याच्या टोकावर घाव घालणं चुकीचं, आट्या चेपतात. ज्या लोखंडी कानात तो बसलाय त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने ठोकायचं, मग तो आपसूक सुटतो. नवा बसवताना निमुळता भाग आणि भोक कोरड्या फडक्याने पुसून घ्या. तिथे ग्रीस लावायचं नाही, ती पकड कोरडीच हवी.

नट कसून झाल्यावर त्याच्या खाचा आणि दांड्यातलं भोक पुष्कळदा एका रेषेत येत नाही. अशा वेळी नट मागे फिरवू देऊ नका, आणखी थोडा कसून पुढची खाच जुळवायची. मग नवी पिन घालून तिचे पाय दोन्हीकडे वाकवायचे. जुनी पिन सरळ करून वापरली तर वाकलेल्या जागी तुटते. काही गाड्यांना पिनेऐवजी नायलॉनच्या कड्याचा नट असतो. तोही एकदा काढला की नवाच घालायचा. चेक नटही शेवटी आवळलाय ना, हात लावून बघा.

गाडी उचलली असेल तेव्हा खाली स्टँड नसताना कुणालाही आत शिरू देऊ नका. नुसत्या जॅकवर, तेही मातीच्या अंगणात, हे काम होता कामा नये.

आट्या मोजून बसवलं म्हणजे अलाइनमेंट झालं असं नाही. आट्यांची मोजणी गाडी अलाइनमेंटच्या मशीनपर्यंत नीट पोचावी एवढ्यासाठीच. मी काटोलला जाऊन ते करून घेतलं. ते टाळलं तर नवे टायरही कडेने खाल्ले जातात आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहतं.

खडखड ऐकू येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. तोडणी सुरू व्हायच्या आधी चाकांमागची माती पाण्याने काढा आणि दोन्हीकडची रबरं बोटाने चाचपून पाहा. इंजिन बंद ठेवून घरातल्या कुणाला तरी स्टेअरिंग थोडं डावं-उजवं हलवायला सांगा, आपलं बोट सांध्यावर ठेवा. झीज असेल तर दांडा आधी हलतो आणि चाक मागून. असं जाणवलं की बागेची खेप दुसऱ्या गाडीने करा आणि ही गाडी मिस्त्रीकडे न्या.